लाकडी पाटी, पाट, चकत्या: वाकू नयेत म्हणून नक्की काय करायचं?

सागवेल
घराच्या नावाच्या लाकडी पाट्या रंगवणाऱ्यांसाठी धागा काढते आहे. पाटीचं माप साधारण १८ × ८ इंच, जाडी चार सूत (अर्धा इंच), लाकूड आंब्याचं, वखारीतून रंधा मारून आणलेलं. पुढच्या बाजूला पांढऱ्या ॲक्रिलिक अस्तराचे दोन हात, त्यावर वारली किंवा अक्षरं, शेवटी वॉटरबेस वार्निश. पाठ कोरी. टेबलावर सपाट असलेली पाटी रंगकाम संपेपर्यंत रुंदीत वाटीसारखी होते, कडा पुढे येतात. पावसाळ्यात भिंतीवर ती आणखी वाकते. ६ मिमी प्लायवरही तेच, फक्त बाक लांबीत येतो.

प्रश्न तीन. लाकूड घेताना काय बघायचं? रंगवताना काय बदलायचं? आणि वाकलेली पाटी सरळ होते का? पाट्या रत्नागिरी-चिपळूण भागात लागणार आहेत, तिथली हवा धरून सांगा.

पटाशी
"पाठ कोरी" इथेच निम्मं उत्तर आहे. जे पुढे लावाल तेच मागे, तितकेच हात, शक्यतो त्याच दिवशी.

काष्ठवेध
पटाशींशी सहमत, पण कारण समजलं तर बाकीचे निर्णय आपोआप सुटतात.

ॲक्रिलिक अस्तरात भरपूर पाणी असतं. ते पुढच्या थरात शिरतं आणि तो थर फुगू बघतो. खालचं कोरडं लाकूड त्याला पसरू देत नाही, म्हणून फुगलेल्या पेशी जागच्या जागी चेपल्या जातात. पाणी उडालं की चेपलेला थर मूळ मापापेक्षा थोडा लहान होतो आणि पुढची बाजू आत ओढली जाते. वाळणारा रंगही वरून ओढतो. पातळ प्लायवर ती ओढ स्पष्ट दिसते. मग पावसाळा येतो. पुढची बाजू रंगाने बंद, पाठ उघडी. पाठ ओलावा पिऊन फुगते आणि पाटी त्याच दिशेला आणखी वाकते. पापड एका बाजूने आधी वाळला की कडा वर येतात, तसाच प्रकार.

म्हणून क्रम असा ठेवा:

आधी दोन्ही टोकं, म्हणजे जिथे रेषा कापल्या जाऊन नळ्यांची तोंडं उघडी पडतात तो भाग. तिथून ओलावा सपाट बाजूपेक्षा १० ते १५ पट वेगाने आत-बाहेर होतो. टोकांना सीलरचे निदान तीन हात द्या. मग सहाही बाजूंना पाणी नसलेला सीलर, म्हणजे लाख किंवा थिनरवाला सँडिंग सीलर. तो वाळला की पॉलिशपेपरने हलकं घासा आणि त्यावरच ॲक्रिलिक अस्तर लावा, तेही पातळ. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात. पुढे एक हात झाला की पाटी उलटून पाठीला एक.

आणि वाळवताना पाटी टेबलावर आडवी टाकू नका. खालची बाजू हवेला बंद होते. दोन पट्ट्यांवर ठेवा किंवा उभी करा.

चपडी
लाखेबद्दल एक महत्त्वाची भर. पॉलिशवाले वापरतात त्या साध्या चपडीत (लाखेच्या पापुद्र्यांत) मेण असतं आणि त्यावर ॲक्रिलिक नीट धरत नाही, नखाने सोलून निघतं. एक लिटर स्पिरिटमध्ये १२५ ग्रॅम चपडी विरघळवा आणि बरणी न हलवता दोन-तीन दिवस ठेवा. मेण खाली बसतं. वरचं निवळ द्रावण अलगद दुसऱ्या बाटलीत ओता, तेवढंच वापरा. बरणी काचेची हवी, लोखंडी डब्यात लाख काळी पडते. भर पावसात लाख लावली तर हवेतला ओलावा बसून पांढरी धुकट झाक येते. उघडीप बघूनच लावा.

आर्द्रा
"ओलावा" शब्द सगळे वापरतात, आकडे कुणी देत नाही. लाकूड हवेशी जुळवून घेतं. साधारण २५ अंश तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ३०% असेल तर लाकडातला ओलावा ६ टक्क्यांवर स्थिरावतो. ५०% ला ९, ६५% ला १२, ८०% ला १६ आणि ९०% ला २० च्या आसपास. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५ ते ९० च्या घरात, विदर्भात मे महिन्याच्या दुपारी २०-२५. एकच फळी वर्षभरात किती हलणार ते यावरून कळतं.

आता मोजू. आंब्याचं लाकूड हिरव्यापासून (नुकतंच तोडलेलं, ओलं) पूर्ण कोरडं होईपर्यंत कडीच्या दिशेने, म्हणजे खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेने, सुमारे ५.५% आकसतं. गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे ३.६%. सागाचे हेच आकडे ५.३ आणि २.६. लांबीत जवळपास काहीच नाही. हे आकसणं ओलावा ३०% च्या खाली आल्यावर सुरू होतं, म्हणून ५.५ भागिले ३०, म्हणजे ओलाव्याच्या दर टक्क्याला ०.१८%. पाटी ८ टक्क्यांवरून १६ वर गेली तर ८ इंच (२०० मिमी) रुंदीत जवळजवळ ३ मिमी फरक. एक सूत! हा एक सूत कुणीही अडवू शकत नाही. दोन्ही बाजूंनी सारखा पडावा एवढंच आपल्या हातात आहे.

मृणाल_ठाणे
ओलावा मोजायचा कसा? मीटर विकत घेणं प्रत्येकाला जमत नाही.

आर्द्रा
स्वयंपाकघरातला १ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा पुरे. फळी घरी आली की जिथे काम करणार त्या खोलीत पट्ट्यांवर ठेवा आणि एक दिवसाआड वजन लिहा. सलग तीन-चार नोंदींत वजन हललं नाही म्हणजे ती त्या हवेशी जुळली.

नेमका टक्का हवा असेल तर फळीच्या टोकापासून निदान सहा इंच सोडून एक इंच रुंद तुकडा कापा. टोकाचा तुकडा नको, तो बहुतेक वेळा जास्त कोरडा असतो. लगेच वजन करा. मग ओटीजीमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत दर काही तासांनी मोजा. आधीच्या वजनातून नंतरचं वजा करा, नंतरच्याने भागा, शंभरने गुणा. आधी ५६ ग्रॅम, नंतर ५० ग्रॅम, म्हणजे १२%. रत्नागिरीसाठी काम करताना १२ ते १४ वर सुरुवात करा. वर्षाच्या दोन्ही टोकांच्या साधारण मध्ये राहाल.

शिवणकाठ
लाकूड निवडण्याबद्दल अजून कुणी बोललं नाही. आंबा स्वस्त आहे म्हणून सगळे घेतात, पण वखारीत मिळणारा आंबा बहुतेक वेळा पुरता मुरलेला नसतो. शिवण मिळत असेल तर तिच्याकडे बघा. हलकी, रंधायला मऊ, फिकट रंगाची, रंग छान घेते आणि वाकण्याच्या बाबतीत आंब्यापेक्षा शांत. मिरजेत सतार-तंबोऱ्याला तून वापरतात, तेही असंच हलकं आणि स्थिर लाकूड. साग उत्तमच, पण रंगाने झाकायचा असेल तर त्यावर पैसे घालवू नका. शिवाय सागातलं तेल रंगाला त्रास देतं, रंगण्याआधी स्पिरिटने पुसावा लागतो.

जातीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे फळी ओंडक्यातून कशी निघाली आहे. टोक बघा. वर्तुळं फळीच्या रुंदीला उभी छेदत असतील तर ती फळी फुगली-आकसली तरी सपाट राहते. हसऱ्या तोंडासारखी कमान दिसली तर ती फळी वाकणारच, वाळताना कमान सरळ व्हायला बघते आणि सालीकडची बाजू खोलगट होते. आंब्यात वर्तुळं स्पष्ट दिसत नाहीत. टोकाला रंधा मारा, ओलं फडकं फिरवा, तिरक्या उजेडात धरा, मग दिसतात. गाभ्याचा मधला बिंदू फळीत असेल तर ती सरळ परत करा, चिरणारच.

पटाशी
शिवणकाठ, आंब्याबद्दल अजून एक. भुंगा. पांढऱ्या पिठासारखी भुकटी पडू लागली की सगळं रंगकाम वाया. बोरिक ॲसिड एक भाग, बोरॅक्स दीड भाग, दोन्ही मिळून ५% होईल इतक्या कोमट पाण्यात विरघळवा आणि फळी बुडवून ठेवा. पण यात फळी पुन्हा ओली होते. नंतर पट्ट्यांवर सावलीत पूर्ण वाळवून, वजन स्थिर झाल्यावर शेवटचा रंधा मारायचा. आधी रंधा आणि मग द्रावण केलं तर सपाटपणा गेला.

गुण्या
रुंद एकसंध फळी घ्यायचीच कशाला? दोन-अडीच इंची पट्ट्या चिरा, एकाआड एक उलटून जोडा, वर्तुळांची कमान एक वर एक खाली. वाक एकमेकांना खातात.

शिवणकाठ
उलटून जोडण्याला माझा विरोध आहे. वाक खात नाहीत, नागमोडी होतात. रंगवलेल्या पाटीवर तिरका उजेड पडला की लाटा दिसतात. सगळ्या कमानी एकाच बाजूला ठेवल्या तर पूर्ण पाटीला एकच मंद बाक येतो आणि मागची आडवी पट्टी तो सहज धरून ठेवते.

गुण्या
पट्टी मारायला जागा असेल तर मान्य. मागे पट्टी चालणार नसेल, टेबलावर ठेवायचा ट्रे असेल, तर एकाआड एकच बरं. लाट अर्ध्या मिमीची येते, ती घासून जाते. अर्धा इंच वाक घासून जात नाही.

काष्ठवेध
दोघंही बरोबर, काम वेगळं. पट्ट्या अडीच इंचांच्या आत असतील तर फरक फार पडत नाही. जोडण्याआधी सगळ्या पट्ट्यांचा ओलावा सारखा हवा, ही अट मात्र दोन्हीकडे लागू. जोडल्यावर सरस पूर्ण सुकू द्या. सांध्याजवळचं लाकूड सरसातल्या पाण्याने फुगलेलं असतं, त्या वेळी रंधा मारला तर पुढे सांध्यावर खाच पडते.

पाटरांगोळी
आपल्या जुन्या पाटाकडे बघा. तळाला दोन आडव्या पट्ट्या असतात, त्या उंचीसाठी नाहीत एवढ्याच. चांगल्या पाटात त्या खिळ्यांनी मारलेल्या नसतात. फळीच्या तळाला रेषांना आडवी खाच असते, तोंडाशी अरुंद, आत रुंद. पट्टीची कडही त्याच उताराची. खाच एका टोकाला किंचित निमुळती, म्हणजे पट्टी एका बाजूने सरकवत नेली की शेवटच्या दोन इंचांत ठोकून घट्ट बसते. सरस नाही. फळी रुंदीत फुगते-आकसते तेव्हा पट्टीवरून सरकते, पण उचलली जात नाही. खिळ्यांनी किंवा सरसाने पट्टी पूर्ण जखडली तर फळी उन्हाळ्यात मधोमध तडकते.

मृणाल_ठाणे
मग पोळपाट? त्याला खाली पाय असूनही वाकतोच.

पाटरांगोळी
तीन पाय टेकवायला असतात, फळी धरायला नाही. पोळपाट वाकतो कारण धुऊन ओट्यावर पालथा घालतात. एक बाजू ओली आणि बंद, दुसरी वाऱ्यावर. किंवा उन्हात ठेवतात, तिथे वरची बाजू पटकन सुकते. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने पुसा, सावलीत उभा ठेवा. सिंकमध्ये भिजत कधीच नाही. महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंना आणि कडेला खोबरेल चोळा, अर्ध्या तासाने पुसून घ्या.

गुण्या
पोळपाटाने धागा पळवला 🙂 पण सल्ला पाटीलाही लागू.

चपडी
तेलावरून आठवलं. अळशीचं तेल लावलं की लाकूड बंद होतं असा समज आहे. तेल पाण्याचा थेंब थोडा वेळ अडवतं, हवेतला दमटपणा अडवत नाही. दमट हवा अडवण्यात पॅराफिन मेणाचा जाड थर आणि इपॉक्सी सगळ्यात वर, लाख आणि पीयू (पॉलियुरेथेन वार्निश) बरी, तेल आणि पुसून काढलेलं मेण तळाला. पूर्ण कुणीच अडवत नाही, वेग कमी करतात. आणि अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

रेझिनवाली
झाडाच्या चकत्यांबद्दलही लिहा ना. रेझिन घड्याळासाठी १० इंची, एक इंच जाड चकती घेतली की परिघापासून मध्यापर्यंत त्रिकोणी चीर जाते.

आर्द्रा
वरचेच आकडे बघा. परिघाच्या दिशेने ५.५, मध्याच्या दिशेने ३.६. घेर जितका आकसायला बघतो तितका व्यास आकसत नाही, मग घेराला फाटण्यावाचून मार्ग नाही. एकसंध आडव्या चकतीत हे टाळणं जवळपास अशक्य.

उपाय तीन. ओंडका तिरका कापा, चकती लंबगोल निघते आणि चिरण्याचा ताण कमी होतो. किंवा ताज्या, ओल्या चकतीला मागून मध्यापर्यंत एक करवतीची फट आधीच द्या. चीर तिथेच उघडते, वाळल्यावर पाचरीसारखा तुकडा बसवा किंवा रेझिन भरा. तिसरा, पीईजी-१००० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पाण्यात विरघळणारा मेणासारखा पदार्थ). हिरवी चकती ३० ते ५०% द्रावणात काही आठवडे बुडवायची. ते पेशींच्या भिंतींत पाण्याच्या जागी बसतं आणि आकसू देत नाही. स्वीडनमध्ये १९६१ साली समुद्रातून वर काढलेल्या 'वासा' जहाजावर पीईजीची फवारणी १९६२ पासून १७ वर्षं चालली. पण पीईजीच्या लाकडावर सगळे फिनिश धरत नाहीत, आधी लहान तुकड्यावर बघा. सुकलेल्या चकतीवर याचा उपयोग नाही.

रेझिन ओतताना ओलावा १० च्या खाली हवा, नाहीतर बुडबुडे येतात. आणि मागच्या बाजूलाही ब्रशने रेझिनचा पातळ हात हवाच.

प्लायबोर्ड
सागवेल यांच्या प्लायच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. ६ मिमी प्लाय मोठ्या पाटीला पातळ आहे. १२ मिमी घ्या. बाहेर लावायची असेल तर आयएस ७१० छापाची मरीन. थर विषम संख्येत असतात ते दोन्ही बाजू तोलायला, तुम्ही एका बाजूला व्हिनीअर, सनमायका किंवा जाड रंग चढवला की तो तोल गेला. मागे तसाच थर द्या. ६ मिमीच वापरायची असेल तर मागे एक इंची पट्ट्यांची चौकट सरसाने चिकटवा. प्लाय रुंदीत फारसा हलत नाही, इथे सरस चालतो. प्लाय घरी भिंतीला टेकून ठेवू नका, आडवी ठेवा.

एमडीएफच्या (लाकडी तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या) कडा फुगतात. कडांना आधी लाख किंवा सीलर, मग रंग. पाणी घातलेला फेविकॉल लावायचा सल्ला बरेच देतात, त्यातलं पाणीच कड उचलतं.

मेपल_नाका
टोरोंटोहून. पुण्याहून येणाऱ्या देव्हाऱ्यांची आणि पाटांची इथे हिवाळ्यात वाट लागते. हीटर सुरू झाला की घरातली आर्द्रता २०-२५ वर येते, म्हणजे लाकूड ५ टक्क्यांकडे. पावसाळ्यात १५ वर बनवलेला आठ इंची पाट साडेतीन मिमी आकसतो. तिथे बनवणाऱ्यांना विनंती: परदेशी जाणारं काम फेब्रुवारी ते मे मध्ये करा, देव्हाऱ्याच्या दारांतल्या मधल्या फळ्या खाचेत सैल बसवा, सरस लावू नका. इथल्यांनी वस्तू आली की प्लास्टिक एकदम काढू नये. चार-पाच छिद्रं पाडून काही आठवडे तशीच ठेवावी, हीटरच्या झडपेपासून दूर. खोलीत ह्युमिडिफायरने ३५-४०% ठेवलं तर बरंच वाचतं.

सागवेल
सगळ्यांचे आभार, पहिले दोन प्रश्न सुटले. तिसरा राहिला. ज्या रंगवून झाल्या आणि वाकल्या त्यांचं काय?

काष्ठवेध
वाक कशामुळे आहे ते आधी ओळखा. रंगवलेली पाटी कोरड्या खोलीत, पाठ हवेला मोकळी ठेवून आठवडाभर उभी करा. वाक कमी होत गेला तर तो पाठीने प्यालेल्या ओलाव्याचा होता. सपाट झाली त्याच दिवशी पाठीला आणि टोकांना सीलर द्या. नुसतं वजन ठेवून किंवा क्लॅम्प लावून उपयोग नाही, सोडल्यावर परत वाकते.

कमी झालाच नाही तर पुढचा थर चेपला गेलाय. मग रंग घासून काढावा लागेल. खोलगट बाजूवर ओलं, पिळलेलं सुती कापड पसरा आणि गरम इस्त्री फिरवा, वाफ आत जाऊ द्या. लाकूड सपाटीच्या थोडं पलीकडे जाईपर्यंत, म्हणजे वाक जितका होता साधारण तितका उलट बाजूला, क्लॅम्पने ताणा. खोलगट बाजू खाली, तिच्या कडांना खालून पट्ट्या, वर मधोमध एक पट्टी. दोन्ही बाजूंना हवा लागेल असंच ठेवा, पूर्ण सुकल्यावरच सोडा.

पीळ असेल तर हे चालत नाही. पाटीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा आणि डोळा एका पट्टीच्या रेषेत आणून दुसरी बघा. तिरकी दिसली तर पीळ. तिरके समोरासमोरचे उंच कोपरे खूण करून रंध्याने उतरवा. अर्ध्या इंची फळीत एक सुताहून जास्त पीळ असेल तर ती लहान पाट्यांसाठी कापा.

पाटरांगोळी
आणि नव्या पाट्यांना मागे दोन पट्ट्या माराच. पट्टी एक इंच रुंद, चार सूत जाड, पाटीच्या रुंदीच्या दिशेने, दोन्ही टोकांपासून तीन-तीन इंच आत. प्रत्येक पट्टीला तीन स्क्रू, पाऊण इंची. मधला गोल भोकात घट्ट. बाजूच्या दोघांना पट्टीच्या लांबीच्या दिशेने ४ × ८ मिमीची लांबट भोकं, डोक्याखाली वॉशर, घट्ट आवळून पाव फेरा सैल. सरस कुठेच नाही.

सागवेल
पट्ट्यांमुळे पाटी भिंतीपासून अर्धा इंच पुढे येईल. ते चालेल?

पटाशी
चालेल काय, तेच हवंय. कोकणातली भिंत पावसाळ्यात पाझरते, मागे हवा खेळली पाहिजे. पट्ट्या आडव्या नाहीत, उभ्या येतात, त्यामुळे मागून उतरलेलं पाणी अडकत नाही. वरच्या कडेला थोडा उतार द्या, म्हणजे पाणी थांबणार नाही. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे. साधे गंजले की पाटीवर काळे डाग उतरतात. आणि पश्चिमेच्या भिंतीवर काळा किंवा गडद निळा रंग टाळा, दुपारी पुढची बाजू नको इतकी तापते.